शाळेच्या पोत्याची सभा

आबा जेवायला बसले की मला मध्ये बसावं लागायचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. ते भिंतीला टेकून पाटावर, माय चुलीपाशी आणि दोघांच्या मधल्या जागेत मी. माय सासऱ्याची लाज काढायची. आमच्याकडे लाज काढणं म्हणजे पदर डोक्यावरून पुढे ओढून थेट छातीपर्यंत आणायचा. सासरा, जेठ म्हणजे थोरला दीर, गावातला कोणीही वडीलधारा पुरुष समोर असला की सुनेचा चेहरा दिसता कामा नये, आवाज त्याच्या कानी जाता कामा नये आणि हातही पदराबाहेर निघता कामा नये. त्यामुळे माय ताट माझ्याकडे सरकवायची आणि मी ते आबांपुढे ठेवायचे. पदराआडून माय मला म्हणायची, "सांग आबांले, कढी आजून शे." म्हणजे कढी अजून आहे. आबा तिथेच बसलेले, कान शेवटपर्यंत तिखट; पण मी सांगेपर्यंत त्यांना ते ऐकू आलेलं नसायचं. मी म्हणायचे, "आबा, कढी आजून शे." मग आबा मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "सांग तुन्ही मायले, नको." आणि ते माझ्याआधी ऐकलेली माय, मी सांगेपर्यंत पळी हातात धरून थांबायची. दोन शहाणीसुरती माणसं एका पळीभर कढीसाठी एक पोर खर्ची घालायची. याला आमच्याकडे खानदान म्हणत.

मी मुळातच बुजरी. त्यात दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेता नेता माझं स्वतःचं बोलणं कुठे राहून गेलं ते कळलंच नाही. अजूनही चार माणसांत माझी जीभ उचलत नाही. नातसून म्हणते, आजी, तुम्ही किती शांत. शांत कसली! लिहिता मात्र येतं. शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं नातवंडांची पुस्तकं आणि किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलेलं. दुपारी घर रिकामं झालं की थोडं लिहिते. कोणाला दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

आमचं घर मिरचीचं होतं. कपाशी होती, ज्वारी होती, पण घरादाराला वास मिरचीचा. पावसाळा संपून थंडी पडली की गावाबाहेर पथारी पडायची, म्हणजे ओली लाल मिरची उन्हात वाळायला पसरायची, एवढी की लांबून रान पेटल्यासारखं दिसे. वाळली की बाया तिथेच बसून देठ खुडायच्या. दिवसभर खोकला, शिंका आणि बांगड्यांचा आवाज. संध्याकाळी माय घरी आली की आधी हातांना ताक चोळायची, मग तेल, आणि तरी भाकरी थापताना तिच्या तोंडून बारीक 'सस्स' निघायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ज्वारीचं पीठ काठवटीत, मायचे लाल झालेले तळवे आणि तो 'सस्स'. भाकरी मात्र अशी व्हायची की वरचा पापुद्रा टम्म फुगून सुटायचा. आबा तिची भाकरी तव्यावरून उतरल्याबरोबर खायचे. गार भाकरी त्यांच्यापुढे ठेवायची नाही. दुपारी शेतातून आले, पाय धुतले की तवा चुलीवर पाहिजे, असा नेम होता. त्यांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या आजीचं, मी पाहण्याआधीच निधन झालेलं. सून एकच, माझी माय. आबांना तिच्या भाकरीशिवाय जेवण जायचं नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, तो बहुतेक त्यांना नकोच होता.

गावात एक चाल होती, ती आता गेली. देठ खुडून मिरची नंदुरबारच्या बाजारात जायच्या आधी प्रत्येक घरानं शाळेसाठी आपल्या मिरचीतला वाटा काढून ठेवायचा. सगळ्या घरांचा मिळून जो माल होई त्याला 'शाळेचं पोतं' म्हणत. पोती पुष्कळ असत, पण नाव एकच पोतं. ते विकून जे येई त्यात शाळेचा वर्षाचा खर्च करायचा. कौलं फिरवायची, फळा आणायचा, भिंत पडली तर उभी करायची. आणि तो खर्च कशावर करायचा हे होळीनंतर शाळेच्या अंगणात, निंबाखाली, सगळ्या गावानं बसून हात वर करून ठरवायचं. सगळं गाव म्हणजे पुरुष. मिरची लावायची, तोडायची, पसरायची, खुडायची बायांनी. पुरुषांनी काय करायचं, तर हात वर करायचा. वर्षातून एकदा. तेवढ्यानंही काही जण घरी येऊन 'दमलो' म्हणायचे.

मी चौथीत होते त्या वर्षी शाळेत नवे मास्तर आले. घाटावरचे होते. आमची अहिराणी त्यांना समजायची, बोलता यायची नाही. शाळेला खोल्या दोन आणि वर्ग चार. पुढे शिकायचं तर पोरं सायकलवर दुसऱ्या गावाला जात, पोरी पथारीवर जात. मास्तरांनी वर जाऊन विचारून आणलं की गावानं एक खोली बांधून दिली तर पाचवीचा वर्ग मिळेल, शिकवायला माणूसही मिळेल. वर्गातल्या आम्हा पोरींना त्यांनी सांगितलं, "जूनमध्ये तुम्ही इथंच पाचवीत बसणार बरं का." मला आठवतं, मी त्या दिवशी घरी येऊन पाटी पुसून धुऊन उन्हात ठेवली. जून लांब होता. मला तेव्हा लांब वाटलं नाही.

पण सरपंचांना कमान पाहिजे होती. शेजारच्या गावानं आदल्या वर्षी शाळेपुढे सिमेंटची कमान बांधली होती, तेव्हापासून सरपंचांना जेवण गोड लागत नव्हतं. पारावर बसून ते म्हणायचे, "आपली शाळा देखीसन लोक काय म्हनतीन? गोठा शे का शाळा शे? गावले तोंड पाहिजे, भो!" पारावरच्या माना हलायच्या. त्या गावात माना फार चांगल्या हलत. मास्तर म्हणाले, पोत्याची मिरची बाया खुडतात, मग पोत्याच्या सभेत बायांनाही विचारा. सरपंच हसले आणि लगेच हो म्हणाले. मास्तरांना वाटलं आपण जिंकलो. सरपंचांनी एवढ्या सहज होकार का दिला, हे समजायला मास्तरांना आमच्या गावात जन्माला यावं लागलं असतं.

बायांनी सगळं पथारीवर ठरवलं. मी मायजवळ बसून देठ खुडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. बोलणी चिंधाकाकूंची. चिंधाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या विधवा. त्यांच्यापेक्षा वयानं मोठा असा एकही पुरुष गावात उरला नव्हता, त्यामुळे त्यांना कोणाचीच लाज काढावी लागत नसे. तोंड उघडं, आणि ते मिटायचंही नाही. त्या म्हणाल्या, "पोतं आपन भरतस आन् तोंड ते बांधतस. यंदा तोंड आपन बांधूत. कमानखाल उभं ऱ्हाईसन पोरी पाचवी शिकतीन का?"

"पन काकू, बोलनं कोनी?" एक नवी सून म्हणाली.

"बोलाले कोन सांगस? मास्तर इचारी, खोली कोनले पाहिजे. तवय हात वर करना. दोरीवर धुनं टाकतस तसा."

"आन् मन्हा सासरा समोर बठेल ऱ्हाई, ते?"

"ते पदर कोन काढाले सांगस तुले? पदर ऱ्हाऊ दे जठे शे तठे. हात वर कर!"

सगळ्या हसल्या आणि सगळ्यांना पटलं. माय पण हसली. एवढ्या बाया, सगळ्या संसार करणाऱ्या, दाण्यात खडा ओळखणाऱ्या; पण त्या योजनेत काय राहिलं ते एकीच्याही लक्षात आलं नाही. मला राग पुरुषांचा जास्त येतो, पण खरं लिहायचं तर थोडा बायांचाही येतो. लाज इतकी अंगात मुरलेली की तिच्या आत राहून केलेली गोष्ट बाहेर दिसत नाही, हेच त्या विसरून गेल्या होत्या.

सभेच्या दिवशी पुरुष निंबाखाली सतरंजीवर बसले. आबा पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, हातात काठी. नाना, म्हणजे माझे वडील, त्यांच्या मागे दोन रांगा सोडून. बाया शाळेच्या भिंतीशी, मातीत, सगळ्यांचे पदर छातीपर्यंत. थेट पथारीवरून आलेल्या, त्यामुळे पदरांत मिरचीची धूळ. इकडे सरपंचांचं भाषण चालू आणि तिकडे पदराआड शिंका. सरपंच 'गावाची शान' म्हणाले की एक शिंक, 'पुढच्या पिढ्या' म्हणाले की दोन. पुरुष मागे वळून डोळे वटारत होते. कोणाकडे वटारत होते कोण जाणे, समोर नुसती लुगडी.

ग्रामसेवक हात मोजायला उभे राहिले. आधी कमान विचारली. पुष्कळ हात वर झाले. आबांचाही झाला. त्यांना कमानीचं काही नव्हतं, पण सरपंच पानाची चंची पुढे करायचे आणि आबा त्यातलं पान खायचे, तेवढं पुरे होतं. मग खोली विचारली. पुरुषांतले काही हात वर झाले, आम्हा पोरींच्या बापांपैकी काहींचे. नानांनी घरी मायला शब्द दिला होता. त्यांचा हात उचललेला मी पाहिला. तो खांद्यापर्यंत आला, तेवढ्यात आबांनी नुसतं खोकल्यासारखं केलं, आणि नानांचा हात तिथूनच वळून कानामागे गेला आणि खाजवू लागला. नाना चांगले होते असं गावात म्हणतात. हो, चांगलेच होते. जन्मभर त्यांना बरोबर वेळेवर कुठेतरी खाज सुटायची.

पुरुषांत कमानवाले जास्त होते, पण फार नाही. बायांनी हात वर केले तर खोली होत होती. मास्तर पुढे आले आणि वर्गात कवायत घेतात तशा आवाजात म्हणाले, "आता भगिनींनो, खोलीच्या बाजूनं असाल तर हात वर करा."

आणि बायांनी हात वर केले. पदराच्या आत. भिंतीशी बसलेल्या सगळ्या लुगड्यांना एकदम टोकं फुटली, लाल, हिरवी, जांभळी. एखादीनं तर दोन्ही हात वर केले होते. त्यांच्या मनानं त्या हात वर करून बसल्या होत्या आणि खाली घेत नव्हत्या. बाहेर हात एकच, चिंधाकाकूंचा, काटकीसारखा.

ग्रामसेवकांनी इकडून तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायकांतून एक."

"एक कसा?" मास्तर म्हणाले. "अहो, सगळ्यांचे हात वर आहेत!"

"हात दिसला तर मोजू. मला कापड दिसतंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "बायास्नी तंबू ठोकेल शेतस! सरकस उनी गावमा!" आणि निंबाखाली जो हशा झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोटं धरून हसले. ज्या हातांनी त्यांना सकाळी भाकर वाढली त्या हातांना हसले. मास्तर पुन्हा काही बोलणार तोच सरपंच गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, बायास्ना पदरना आतलं तुम्हले दिखस का? आम्हले ते दिखत नही." मास्तरांचा चेहरा लाल झाला आणि ते खाली बसले. एका वाक्यात बसले.

मायनं मला कोपरानं ढोसलं. पदराआडून म्हणाली, "सांग त्यास्ले, हात वर शेतस."

घरात कढी सांगणं वेगळं आणि सभेत उभं राहणं वेगळं. तरी उठले, कारण मायनं सांगितलेलं पोचवायचं एवढंच मला येत होतं. मी म्हणाले, "हात वर शेतस."

"काय म्हनस ती पोर?"

"माय म्हनस, हात वर शेतस."

"मंग दखाडा!" सरपंच म्हणाले. "हात शे ते दखाडाले काय जास?"

मग माझ्या शेजारचा मायचा हिरवा पदर बाजूला झाला आणि तिचा हात बाहेर आला. चेहरा झाकलेलाच होता, नुसता हात, कोपराच्याही वरपर्यंत उघडा. तळवा लाल, मनगटावर मिरचीचं बी चिकटलेलं, बांगड्या खणखणत खाली घसरल्या. हशा थांबला. ग्रामसेवक म्हणाले, "दोन." मला वाटलं आता बाकीचे हात निघतील. मी त्या पदरांकडे बघत राहिले. आणि एकेक टोक हळूच खाली गेलं. आधी नव्या सुनेचं, मग तिच्या शेजारचं, मग सगळी. कोणाचा सासरा, कोणाचा जेठ, कोणाचा चुलत जेठ समोर होता. शेवटी बाहेर दोनच हात राहिले, एक म्हातारीचा आणि एक मायचा. पहिल्या रांगेतून आबांनी मान वळवून पाहिलं. हात कोणाचा हे ओळखायला अवघड नव्हतं, शेजारी मी उभी होते.

कमान झाली. कमानीवर दोन सिंह बसवले, ते करणारा गवंडी बहुधा मांजरंच बघून वाढलेला होता. शाळेचं नाव लहान, सरपंचांच्या वडिलांचं मोठं. पुढे पुष्कळ वर्षांनी, मी बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हा, सरकारकडून पाचवीची खोली मंजूर झाली आणि विटांचा ट्रक कमानीखालून आत जाईना. सिंहांना धक्का लावायचा नाही म्हणून विटा रस्त्यावर उतरवल्या आणि कमानीपासून आतपर्यंत बायांनी डोक्यावर वाहून नेल्या. पुरुष कमानीच्या सावलीत बसले होते. कमानीचा तेवढा उपयोग झाला खरा. आता शाळा दहावीपर्यंत आहे, समिती आहे, वर्षाच्या खर्चाची सभा होते, बायांची नावं समितीत असतात. माहेरची माणसं सांगतात, सह्या घरी येऊन घेऊन जातात. म्हणजे आता हातही वर करावा लागत नाही. सोय झाली.

सभेच्या दिवशी दुपारी आबा घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले. तवा चुलीवर होता. मायनं भाकरी उतरवली, ताट माझ्याकडे सरकवलं, मी ते आबांपुढे ठेवलं. आबांनी ताटाला हात लावला नाही. आवाज न चढवता म्हणाले, "सांग तुन्ही मायले, जो हात गावनी देखा, त्या हातनी भाकर माले नको."

मी मायकडे वळले. सांगायची गरज नव्हती, पण रीत होती, म्हणून सांगितलं. मायनं काठवट माझ्याकडे सरकवली.

मला भाकरी येत नव्हती. पहिली भाकरी माझ्या हातात फुटली, दुसरी तव्यावर. तिसरी एका बाजूनं कच्ची, दुसरीकडून कोळसा, आणि ती मी आबांपुढे ठेवली. मला वाटलं, फेकून देतील आणि मायची मागतील. आबांनी ती खाल्ली. सगळी. घास घशात अडकत होता, पाण्याबरोबर उतरवत होते, पण खाल्ली. दुसऱ्या दिवशीही खाल्ली. मायची टम्म फुगलेली भाकरी आम्ही बाकीचे खायचो आणि घरातला कर्ता पुरुष समोर बसून कोळसा चघळायचा. गावात त्याचं कौतुक झालं. म्हणे म्हाताऱ्याचा बाणा बघा. मी तो बाणा जवळून पाहिला आहे. त्याला जळक्या पिठाचा वास येतो.

सुट्टी संपत आली तेव्हा मास्तर घरी आले. ओट्यावर बसून नानांना म्हणाले, शेजारच्या गावात पाचवी आहे, दोघी-तिघी पोरी मिळून पायी जातील, मी तिथल्या गुरुजींशी बोललो आहे, हिला पाठवा, हुशार आहे. मी दाराआड उभी होते. नाना म्हणाले, पाठवतो. खरंच म्हणाले. मग आतून आबांचा खोकला आला. नाना जरा थांबून म्हणाले, "पन मास्तर, दुपारनी भाकर?"

मास्तरांना कळेना. भाकरीचा आणि पाचवीचा काय संबंध? त्यांना समजावून सांगायला लागलं. माझ्या वडिलांनी एका शिकलेल्या माणसाला समोर बसवून नीट समजावून सांगितलं की म्हातारा दुपारी गरम भाकरी खातो, सुनेच्या हातची खात नाही, म्हणून पोरगी दुपारी घरी लागते. सांगताना त्यांना लाज वाटली नाही. आमच्या घरात लाज बायांच्या वाट्याला होती.

मास्तर म्हणाले, "तुम्ही वडिलांशी बोला ना."

"बोलसू," नाना म्हणाले. मग मला हाक मारून समजुतीच्या सुरात म्हणाले, "बुढा मानूस शे बाई. आज ना सकाय राग उतरी जाई. थोडा दिन तू टाकी दे भाकर."

बाकीच्या दोघी गेल्या. सकाळी त्या दारावरून जायच्या, हाक मारायच्या. पुढे मारेनाशा झाल्या. मास्तरांची त्या वर्षातच बदली झाली. जाताना मला त्यांनी पाचवीचं भाषेचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, घरी वाच. चांगला माणूस होता. पण सभेत एका वाक्यावर खाली बसला तोही तोच, हे मी विसरत नाही. पुस्तक मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी त्यातल्या धड्यांचाही कंटाळा आला.

आबांचा राग उतरला नाही, कारण तो राग नव्हताच. राग असता तर उतरला असता. ती सोय होती. एवढ्याशा गोष्टीत त्यांना मोठं होता येत होतं, ते कोण सोडेल? माझी भाकरी हळूहळू जमली. फुगायला लागली, पापुद्रा सुटायला लागला. ज्या दिवशी ती पहिल्यांदा मायसारखी झाली त्या दिवशी माय तव्याकडे बघत राहिली. बाया म्हणतात, मुलीला भाकरी जमली की आईला आनंद होतो. मायला झालेला मला दिसला नाही.

माझं लग्न ठरलं त्याच्या आधीच्या थंडीत आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, पण डोकं आणि कान शाबूत. भाकरी मीच करायची, आता कुस्करून भरवायचीही मीच. तेव्हाही नाना म्हणाले, थोडे दिवस.

मग हळदीचा दिवस आला. आमच्यात हळद लागली की नवरीनं चुलीपाशी जायचं नाही, विस्तवाला आणि पिठाला हात लावायचा नाही. सकाळीच मला पाटावर बसवून हळद लावली. घर बायांनी भरलेलं, ओट्यावर पुरुष भरलेले, सरपंचही तिथेच. गाणी, भांडी, पोरांची रडणी. दुपार झाली. आबा आतल्या खाटेवर पडलेले आणि त्यांची भाकरी करायची आहे हे कोणाच्या लक्षातही नाही. त्यांनी डाव्या हातानं काठी जमिनीवर आपटली. पुन्हा आपटली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. चिंधाकाकू, तेव्हा फार थकलेल्या, कोपऱ्यातून म्हणाल्या, "बुढाले भूक लागनी शे. आते कोनता हात शोधतस देखूत."

माय चुलीपाशी गेली. काठवट घेतली, पीठ मळलं, भाकरी थापली. कितीतरी वर्षांनी मी तो 'सस्स' आबांच्या भाकरीसाठी ऐकला. तव्यावरून उतरल्याबरोबर तिनं ती थाळीत कुस्करली, तूप घातलं आणि खाटेजवळ जाऊन बसली. पदर छातीपर्यंत होता. त्या पदरातून तिनं हात बाहेर काढला, सभेत काढला होता तसाच, कोपराच्या वरपर्यंत, आणि घास आबांच्या तोंडासमोर धरला.

घरातली गाणी थांबली होती. आबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग घासाकडे. मग डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

एक घास, मग दुसरा. माय भरवत होती, आबा गिळत होते, डोळे मिटूनच. मला वाटलं ती तशीच उठून जाईल. पण थाळी निम्मी झाल्यावर ती थांबली आणि पदराआडून मला म्हणाली, "सांग आबांले, हात तोच शे."

मी अंगाला हळद लावून दारात बसलेली. माझा आवाज बारीक, पण त्या दिवशी मी तो ओट्यापर्यंत जाईल एवढा काढला. "आबा, माय म्हनस, हात तोच शे."

ओट्यावर कोणी हसलं नाही. आबांनी डोळे उघडले. तोंडातला घास घोळवत राहिले, गिळला, आणि वाकड्या तोंडातून एकेक अक्षर काढत मला म्हणाले, "सांग तुन्ही मायले... कढी."

मी काही सांगितलं नाही. तिला ऐकू आलं होतं.